कोणता डास?

मंडळी, या बाटलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आहे. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडी तरंगावी तशी पडलेली ही अळी ॲनॉफिलीसची. दुसऱ्या बाटलीत डोकं खाली करून तिरप्या लोंबताहेत त्या क्युलेक्सच्या. त्या नाल्यातून आणल्यात. हिवताप पसरवते ती पहिली जात, आणि तिच्यातलीही फक्त मादी.

हा फरक कळायला हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉसला दोन वर्षं लागली. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराननं 1880 मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. तो पसरवण्याबद्दल लंडनमधल्या डॉक्टर मॅन्सनचा संशय डासांवर होता. 1895 पासून रॉस सिकंदराबादेत डास कापत बसला, पण नको ते डास. पंखा लावायची सोय नाही, कापलेला डास वाऱ्यानं उडून जायचा. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. अखेर ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले. 16 ऑगस्ट 1897 ला ते हुसेन खान नावाच्या रोग्याला चावू दिले, एका डासामागे एक आणा देऊन. 20 तारखेला त्यांतल्या एका मादीच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पुटी दिसल्या. या डासाची जात कुठली, हे त्याला तेव्हा नीट सांगताही येत नव्हतं! पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यानं पक्ष्यांच्या हिवतापाचं चक्र डासाच्या लाळग्रंथीपर्यंत शोधलं. माणसाच्या हिवतापाचं चक्र ग्रासी आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी पूर्ण केलं. नोबेल मात्र 1902 मध्ये एकट्या रॉसला. ग्रासीवर अन्याय झाला, असं माझं मत आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीचा. डीडीटी भिंतींवरच का मारायचं? कारण खेड्यातली ॲनॉफिलीसची जात, क्युलिसिफेसीज, रक्त पिऊन जड झाली की घराच्या नाहीतर गोठ्याच्या भिंतीवर टेकते. आमच्या आजोळी फवारणीवाले दाराशेजारी तारीख लिहून जात. आजी त्यांना खुशीनं घरात घ्यायची, ढेकूण मरतात म्हणून. ढेकूण मरेनासे झाले, तशी ती म्हणू लागली, "भिंत खराब करता नुसती," आणि दार लावून घ्यायची. 1961 मध्ये रुग्ण 50 हजारांच्या आसपास आले होते. 1976 मध्ये 64 लाखांवर गेले. डासांना डीडीटी पचू लागलं होतं, पुरवठा तोकडा पडला होता, सरकारचं लक्षही उडालं होतं.

शहराचं गणित वेगळं. इथली ॲनॉफिलीसची जात, स्टीफेन्सी, विहिरीत, हौदात, टाकीत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. तिला भिंतीवरच्या फवाऱ्यानं गाठणं अवघड, म्हणून 1971 मध्ये शहरांसाठी अळ्या मारण्यावर भर देणारी वेगळी योजना निघाली.

आता लस. ऑक्सफर्डनं विकसित केलेली आर 21 आपल्या पुण्यात सीरममध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये तिची शिफारस केली. अभिमान जरूर वाटावा. पण ती हिवतापाच्या फॅल्सिपॅरम या परजीवीवरची आहे, आपल्याकडे आढळणाऱ्या व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीवर नाही, आणि वापर मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे.

ही बाटली भरायला वर चढलो, तेव्हा पाहिलं, प्लंबरनं पाइप घालायला टाकीचं झाकण कापलंय आणि तिथं हात जाईल एवढी फट आहे. सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. मीटिंग महिन्यातून एकदा होते. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.