दुधाच्या पाइपातली काळी रिंग

पडद्यावर दिसणारी ही काळी रिंग तळहातावर मावते. दूध प्रकल्पातले फिटर हिला वायसर म्हणतात, खरेदीच्या कागदावर तिचे गॅस्केट होते. स्टेनलेस स्टीलच्या दोन पाइपांच्या जोडात ती दाबून बसवलेली असते आणि गळती सुरू होईपर्यंत तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

सील निवडताना पहिला प्रश्न विचारला जातो तो आतून काय वाहणार, हा. प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद राहते, आणि एवढी उष्णता रबराला मुळीच जड नाही. दूध संपल्यावर मात्र त्याच पाइपांतून ७५ ते ८० अंशांचे कॉस्टिक सोड्याचे पाणी फिरते, त्यामागून नायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण येते आणि काही प्रकल्पांत शेवटी वाफही सोडतात. यंत्र न खोलता होणाऱ्या या धुलाईला सीआयपी म्हणतात, आणि रबराचा खरा कस दुधापेक्षा या धुलाईतच लागतो.

म्हणूनच दुधाच्या लाइनवर बहुधा ईपीडीएम रबर असते, कारण गरम पाणी, वाफ आणि कॉस्टिक ही तिन्ही ते सोसते. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे क्रीम सेपरेटरच्या, पुढे मात्र हिशेब बदलतो. ईपीडीएमची घडण स्निग्ध पदार्थांच्या जवळची असल्यामुळे ४० टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये ते हळूहळू तेल शोषते. अशा जोडातून काढलेली ही रिंग पाहा. नखाने दाबली तर मऊ लागते, आणि पुन्हा खाचेत बसवायला गेले तर मावत नाही. तिची फुगलेली कड पाइपाच्या आत डोकावत होती. तिच्या आडोशाला साका धरतो, आणि धुलाईचे पाणी जिथे नीट पोहोचत नाही तिथे जिवाणूंना घर मिळते.

मग सगळीकडे नायट्राइल हे दुसरे रबर का नको? तेला-तुपाला ते दाद देत नाही, हे खरे. पण सततच्या वाफेने आणि गरम कॉस्टिकने ते ताठ होते, त्याला बारीक चिरा पडतात. कुकरची रिंग जुनी झाली की शिटीआधीच कडेने वाफ सुटते, त्याच जातीचे हे दुखणे आहे. क्रीमच्या लाइनवर ज्यांना दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात ते एचएनबीआर, म्हणजे हायड्रोजनेटेड नायट्राइल, घेतात. ते महाग पडते. महाग म्हणजे चांगले, असे मात्र समजू नये, कारण त्याहून महाग असलेल्या एफकेएम रबराचे साधे प्रकार तेलात उत्तम टिकतात आणि गरम कॉस्टिकमध्ये लवकर हार मानतात. सिलिकॉन कोरड्या उष्णतेत चालते, पण सहज फाटते. टेफ्लॉनला रसायनांची भीती नाही, पण त्याला रबराची लवचीकता नसल्याने दाबाखाली ते कायमचे चेपते.

अडचण अशी की ईपीडीएम आणि नायट्राइल या दोन्ही रिंगा बहुतेक वेळा काळ्याच असतात आणि स्टोअरमधल्या डब्यात एकत्र पडल्या, तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. अन्नाशी संपर्कास योग्य असल्याचा दाखला, उदाहरणार्थ अमेरिकेच्या २१ सीएफआर १७७.२६०० या नियमाचा, बहुधा पाकिटावर असतो, रिंगेवर नव्हे. क्रीमच्या जोडापाशी फिटर नवी रिंग पाकिटातून काढतो आणि खाच पुसण्याआधी पाकिटावरचा बॅच क्रमांक वहीत उतरवून घेतो.