एकशे सतरा चिंचोके

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गात खेळ घेतला की शेजारच्या वर्गातून तक्रार येते ती गोंगाटाची. मी आपल्या सोलापूर जिल्ह्यात बरीच वर्षं भूगोल शिकवला. आज त्या गोंगाटाची बाजू मांडायला आलोय.

सातवीला मी उजनी धरण समजावून सांगायचो. नदी भीमा, एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, उपयुक्त साठा साधारण ५३, बाकी मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी न वापरायचं पाणी. मुलं आकडे पाठ करायची, पेपरात बिनचूक लिहायची. आणि उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी आली की तीच मुलं विचारायची, “सर, पाणी शून्याच्या खाली कसं जातं?”

मग एका वर्षी घरून चिंचोके नेले, मोजून ११७. चौसष्ट फडक्यात बांधले; हा मृत साठा. उरलेले परातीत. वर्गाचे गट पाडले : ऊसवाले, ज्वारीवाले, कारखाना आणि सोलापूर शहर. एक फेरी म्हणजे दोन महिने. गटांनी आपसात ठरवून चिंचोके उचलायचे. दर फेरीला तीन चिंचोके मी काढून घ्यायचो, ते उन्हाचे. बाष्पीभवनाची व्याख्या पाठ असलेली मुलं त्या तीन चिंचोक्यांवरून माझ्याशी भांडली!

तिसऱ्या फेरीत परात रिकामी झाली, म्हणजे धरण शून्यावर आलं. शहराच्या गटातली एक मुलगी म्हणाली, “सर, पुरचुंडी सोडू?” सोड म्हटलं. टंचाईत मृत साठ्यातलं पाणी खरंच उपसतात. अट एकच : पाऊस आला की आधी पुरचुंडी भरायची, मग परात. त्यांनी पंचवीस चिंचोके काढले. पुढच्या फेरीला पावसासाठी चिठ्ठी काढली, पाऊस निघाला, वीस चिंचोके आले, आणि परातीत एकही पडला नाही. वर्ग चिडीचूप. शून्याखालचं पाणी मला पुन्हा समजावावं लागलं नाही.

सापशिडीच्या घरांत पाढे लिहिले तर उजळणी होते, तीही हवीच. पण तिथे सगळं फाशावर चालतं, मुलाला ठरवायचं काहीच नसतं. भातुकलीत मात्र आज पाहुणे आलेत, पीठ कमी आहे, काय करायचं, हे पोरं स्वतः ठरवतात. वर्गातला अभिरूप खेळ, म्हणजे खऱ्या प्रसंगाची नक्कल करून खेळायचा खेळ, मला या भातुकलीच्या घरचा वाटतो. त्याला संगणक लागतोच असं नाही.

एक चूक मात्र मी केली. पहिल्या वर्षी घंटा झाली आणि खेळ तिथेच सोडला. मुलं ‘ऊसवाले वाईट’ एवढंच घेऊन घरी गेली. ज्याच्या घरी ऊस आहे असा एक मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून शेवटची पंधरा मिनिटं मी बोलण्यासाठी राखून ठेवतो आणि गटांची अदलाबदल करतो. त्याच मुलाने मग वर्गाला सांगितलं, “उसाला एफआरपी, म्हणजे सरकारी किमान दर, ठरलेला असतो. ज्वारीचा भाव बाजारात गेल्यावर कळतो. माझे वडील दुसरं काय लावतील?” पुस्तकात ही ओळ नव्हती. त्यावर ज्वारीवाले बराच वेळ बोलत राहिले, आणि मी खडू खाली ठेवून ऐकत बसलो.

पुढच्या खेळात मुलांनी मला न विचारता एक नियम घातला. पहिल्या फेरीआधीच दहा चिंचोके वाटीत काढले आणि वाटीवर चिठ्ठी लावली : ‘पिण्याचे’.

नमस्कार.