पाणी उतरताना

पैठणला नाथसागर भरला की दरवाजांपुढं गर्दी होते. फोटो निघतात ते दरवाजांचे. जायकवाडीचा खरा पसारा मात्र त्या 27 दरवाजांच्या बाजूला आहे: दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा मातीचा भराव.

धरण भरलं की धास्ती, उतरलं की निर्धास्त, असंच आपण धरून चालतो. भरावाच्या पाण्याकडच्या उताराचं गणित वेगळं आहे.

तुडुंब जलाशय या उताराला बाहेरून दाबून धरतो. तेच पाणी मातीत मुरतंही. आता जलाशय झपाट्यानं उतरवला, तर बाहेरचा दाब जातो. आतलं पाणी तिथंच राहतं. मुरूम-वाळू असेल तर ते निथळतं. घट्ट चिकणमातीत मात्र ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकलं तरी खूप. माती ओली, जड. समोरचा आधार गेलेला. अडकलेल्या पाण्याच्या दाबानं कणांची पकड सैल पडते आणि भरावाचा लचका खाली घसरतो.

त्याआधी बहुधा खुणा दिसतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतातच, पण त्या वेड्यावाकड्या, जाळीदार. घसरणीआधीची भेग पाळीच्या, म्हणजे भरावाच्या बांधाच्या, लांबीनं सलग जाते, तिची तलावाकडची कड बोटभर खचलेली असते. खाली पिचिंगचे, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेले, दगड पुढं फुगलेले.

1981 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस धरणात पाणी 120 दिवसांत सुमारे 55 मीटर उतरवलं गेलं आणि असाच उतार घसरला. भरावाखालची चिकणमाती कोरडी होती तोवर टणक होती, भिजल्यावर ढिली पडली. मराठवाड्यात हे कुणाला समजावायला नको. मे महिन्यात ढेकूळ कुदळीला दाद देत नाही, आषाढात त्याच रानात पाय रुततो.

म्हणून काळी माती गाभ्यात, बाहेर मुरमाचं कवच. पाणी अचानक उतरलं तरी उतार टिकावा, यासाठी भारतीय मानक 7894 किमान 1.3 सुरक्षा गुणांक मागतं, म्हणजे मातीची ताकद घसरवणाऱ्या जोराच्या निदान 1.3 पट हवी.

कालव्यांवाटे मोठं धरण महिनोन्महिने उतरतं. घोर लहान तलावांचा. भर पावसात पाळीतून गळती दिसते, गाव जागं होतं, पाणी लवकर उतरावं म्हणून सांडवा फोडायला जेसीबी येतो. कधी दुसरा इलाज नसतोच. तलाव फुटण्यापेक्षा घसरलेला उतार परवडला. पण सवड असेल तर पाणी टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत उतरवावं. सगळे गळतीकडं पाहत असताना एका माणसानं पिचिंगवर नजर ठेवावी. आणि जेसीबी पाळीच्या माथ्यावर उभा करू नये. घसरू पाहणाऱ्या मातीवर तेवढंच ओझं वाढतं.