भिंतीआडचा दवाखाना

(दृश्य : सांगली, राजवाडा परिसर. सकाळची वर्दळ. कारागृहाची भिंत, बाहेर मुलाखतीसाठी ताटकळलेले नातेवाईक.)

सांगलीचं कारागृह म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना एक तारीख हमखास आठवते. २४ जुलै १९४३. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंग फोडून पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आलं, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. आणि आज शहरातल्या सिव्हिलला नाव आहे, पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय! आतला बंदी, म्हणजे कैदी, जास्त आजारी पडला, तर न्यायचं इथंच.

बंद्याला दवाखान्यात हलवायचं म्हटलं की पहारेकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो हा पळून जाण्याचाच. बंदी निसटला तर नोकरीवर गदा त्याच्या येते, डॉक्टरांच्या नाही. ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊन चालत नाही.

(दृश्य : बंद दरवाजा. कॅमेरा बाहेरच थांबतो.)

आत कॅमेरा जात नाही, त्यामुळे आतलं सांगूनच दाखवावं लागेल.

नवा बंदी आला की त्याची वैद्यकीय तपासणी होते, अंगावरच्या जखमा, खुणा नोंदवल्या जातात. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम २४ नं तसं घालून दिलंय. डॉक्टर विचारतात, "दारू पिता का?" उत्तर ठरलेलं : "कधीमधी, साहेब." रोज पिणाराही हेच सांगतो. पहिला दिवस जातो, दुसरा जातो. मग रात्री त्याचे हात इतके थरथरतात की मगातलं पाणी अंगावर सांडतं. अंग घामानं निथळतं. तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागतो, आणि चादरीवर मुंगी एकही नसते. शेजारचे वैतागतात. "नाटकं करतोय, झोपू द्या की!"

ही नाटकं नसतात. रोजची दारू एकदम तुटली की साधारण दोन-तीन दिवसांत हा वाताचा झटका येऊ शकतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. आता शिपायाच्या बाजूनं पाहा. पोटदुखीची सोंगं त्यानं उदंड पाहिलेली असतात, तो लगेच कसा विश्वास ठेवणार? पण संध्याकाळी बराक बंद होण्याआधी कंपाउंडरनं त्याला एवढंच सांगितलं असेल, "त्या नव्या माणसावर नजर ठेवा, घाम-थरथर दिसली, काहीबाही बरळायला लागला, तर सकाळची वाट बघू नका," तर तोच शिपाई धावत जातो. डॉक्टर बंद्याला बघतात जेमतेम काही मिनिटं. रात्रभर जागा असतो तो पहारेकरी. तुरुंगातलं दुखणं पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडतं.

हे कायदा लिहिणाऱ्या इंग्रजांनाही ठाऊक होतं. कलम ३७ म्हणतं, कुणी बंदी आजारी दिसला, तर त्याच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यानं ते विनाविलंब जेलरला कळवायचं आणि जेलरनं डॉक्टरांच्या हाताखालच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याला. त्याच्या पुढचं कलम तर मला फार आवडतं. औषधं देण्याचे हुकूम आणि डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली पार पाडतात त्या गोष्टी सोडल्या, तर डॉक्टरांची प्रत्येक सूचना रोजच्या रोज बंद्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे त्याच्या नोंदपत्रिकेवर, किंवा तशा नोंदीत उतरायची. आणि तिच्यासंबंधी जेलरनं लिहायचं, पाळली की नाही, शेरा काय. म्हणजे "दूध द्या" असा हुकूम सुटला आणि दूध आलंच नाही, तर ते कागदावर दिसलंच पाहिजे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात बाकी कौतुक करण्याजोगं फारसं नाही, पण ही तरतूद चोख आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेले नेल्सन मंडेला नियम याहून पुढं जातात. उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसाचाच, बिगरवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी तो फिरवायचा नाही, डावलायचाही नाही.

(दृश्य : औषधाच्या पट्ट्या. टेबलावर गोळ्या मोजणारे हात.)

फिरवायचा नाही, ठीक. पण डॉक्टरांनीही आतलं घड्याळ ओळखायला हवं. "रात्री जेवणानंतर एक गोळी" असं लिहिलं. इथं संध्याकाळचं जेवण लवकर उरकतं, मग बंद्यांची गिनती, मग बराकीला कुलूप. रात्रीची गोळी देणार कोण आणि कुठून? मधुमेही बंद्याला सकाळी इन्सुलिन दिलं आणि तसाच उपाशी कोर्टाच्या तारखेला गाडीत बसवला, तर साखर उतरून तो वाटेतच गळून पडेल. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. उद्या कोर्टात कोण जाणार, ती यादी आदल्या संध्याकाळी दवाखान्याच्या टेबलावर यावी लागते. आणि सिव्हिलला न्यायचं तर कैदी पार्टी, म्हणजे सोबत जाणारे पोलीस, पोलीस मुख्यालयातून येणार. पोलिसांना दुसरीकडे बंदोबस्त लागला की ती येत नाही आणि तपासणीची तारीख हुकते. अशा वेळी डॉक्टरांनी स्पष्ट लिहायला हवं, हा माणूस आठवडाभर थांबू शकतो, हा तासभरही नाही.

मग पहारेकऱ्याला सगळंच सांगायचं का? नाही. काय करायचं ते सांगायचं. आजाराचं नाव सांगायची गरज क्वचित पडते. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानंच गोपनीयतेचं बंधन घातलंय. बराकीत एकाच्या कानावर गेलेली गोष्ट रात्रीपर्यंत सगळ्यांना झालेली असते, आणि मग त्या माणसाशेजारी कुणी जेवायला बसत नाही.

(दृश्य : कारागृहाचं लहान दार. हातात पिशवी घेऊन बाहेर पडणारा माणूस, पाठमोरा.)

राहता राहिला जामीन. टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं. बंदी न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेला, जामिनाचा कागद येतो संध्याकाळी, कारकून नोंदी करतो, माणूस सुटतो. सुटकेच्या घाईत गोळ्यांची आठवण कुणाला? त्या कागदावर सही होण्याआधी कारकुनानं कंपाउंडरला हाक मारली, तर पुढच्या काही दिवसांच्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड पिशवीत पडतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राला फोन जातो, की तुमच्या हद्दीतला पेशंट आलाय, तिसरा महिना चालू आहे, डोस चुकू देऊ नका.