नाताळचा बेत आणि घरातला एकुलता एक ओव्हन

(इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या डिसेंबर मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी.

गणपतीत दोनशे पानांचा महाप्रसाद हसतखेळत उरकणारी माणसं समोर बसली आहेत. त्यांना स्वयंपाक शिकवायला मी उभी नाही. मला बोलायचंय ते फक्त २५ डिसेंबरबद्दल आणि त्याच्या आगेमागे घरात जी पाहुण्यांची ये-जा असते तिच्याबद्दल. युनिव्हर्सिटीतली मुलं घरी आलेली असतात, शेजाऱ्यांना बोलावलेलं असतं, कोणाकडे भारतातून आई-बाबा आलेले असतात. सणासुदीला एवढी माणसं आपल्याला काही नवी नाहीत. पण हा दिवस दोन बाबतींत आपल्या दिवाळीपेक्षा अवघड आहे.

एक म्हणजे ऐन वेळी काही आणता येत नाही. पुण्यात कोथिंबीर संपली की पोराला कोपऱ्यावर पिटाळलं, काम झालं. इथे इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी टाळंच लावावं लागतं. रेल्वे बंद. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असलंच तर दूध-ब्रेड मिळेल, कढीपत्त्याची खात्री कोण देणार? तेव्हा भारतीय किराण्यासाठी लेस्टरला नाहीतर वेम्बलीला जी फेरी मारायची ती आठवडाभर आधी मारून या.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात त्या दिवशी सकाळी अकरा वाजता येते. घरात ओव्हन एकच असतो! आपला सणाचा स्वयंपाक सगळा शेगडीवरचा. एकीकडे आमटी, एकीकडे भाजी, मागे कुकर, शेवटी कढई चढवली की झालं. इथला नाताळचा बेत मात्र जवळजवळ सगळा ओव्हनमधला. टर्की ओव्हनमध्ये, बटाटे ओव्हनमध्ये, पार्सनिप, स्टफिंग, बेकनमध्ये गुंडाळलेली छोटी सॉसेजं, सगळी ओव्हनमध्येच आणि सगळ्यांना एकाच वेळी टेबलावर यायचंय.

जरा हिशेब करू. पाच किलोची टर्की. किलोमागे २० मिनिटं आणि वर ९० मिनिटं, म्हणजे तीन तास दहा मिनिटं ओव्हन तिच्या ताब्यात. गोठवलेली आणली असेल तर फ्रिजमध्ये सुटायला किलोमागे १० ते १२ तास लागतात. म्हणजे ६० तासांपर्यंत जातात आणि तिला २२ तारखेच्या दुपारीच फ्रीजरमधून फ्रिजमध्ये हलवावं लागतं. तिथेही ती सगळ्यात खालचा अख्खा खण अडवते, कारण कच्च्या मांसाचं पाणी दुसऱ्या कशावर गळता कामा नये. श्रीखंडाचं पातेलं कुठे ठेवायचं, हा प्रश्न तेव्हा सुचतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की बेत ठरवताना आधी पदार्थ ठरवू नका, जागा ठरवा. ओव्हनमध्ये काय जाईल, शेगडीवर काय होईल आणि आधीच तयार होऊन फ्रीजरमध्ये काय पडून राहील. ओव्हनमध्ये मोठी गोष्ट एकच. मिरवायचं तेही तिलाच. पाहुण्यांना घरी जाताना एकच पदार्थ आठवतो, बाकीचे अकरा आपण उगाच करतो.

तो एक पदार्थ टर्कीच असावा असं माझं मत मुळीच नाही. हाडासकट लॅम्बचा खांदा घ्या, दोन किलोचा. दही, आलं-लसूण, मालवणी मसाला, मीठ चोळून २४ च्या सकाळीच फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी घट्ट फॉइल लावून १६० अंशांवर चार तास विसरून जा. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी त्याचं काही बिघडत नाही. टर्कीची छाती तेवढ्यात कोरडी ठणठणीत होते. खांदा टेबलावर अख्खा नेऊन चमच्यानं सोडवायला लागलात, की समोरच्यांचे चेहरे बघा.

टर्कीच हवी असेल तर एक सोय आहे. ती बाहेर काढल्यावर फॉइलखाली पाऊण तास ते तासभर तशीच मुरू द्यायची असते. तेवढ्यात ओव्हन मोकळा होतो आणि बटाटे आत जातात. हे बटाटे आठवडाभर आधी करून ठेवता येतात. सोलून, अर्धवट उकडून, चाळणीत हिसडायचे, म्हणजे कडा खरबरीत होतात. त्या खरबरीत कडाच पुढे कुरकुरीत होतात. गार झाले की तेल चोळून ट्रेवर सुटे सुटे गोठवायचे, मग पिशवीत भरायचे. त्या दिवशी ट्रेमध्ये तेल कडकडीत तापवून गोठलेलेच त्यात टाकायचे. गंमत अशी, की हाच बटाटा रश्श्यात घालून गोठवलात तर रवाळ आणि पाणचट होतो. म्हणून फ्रीजरमध्ये जाणाऱ्या रश्श्यात बटाटा घालू नका. नारळाचं दूधही नको, ते फुटतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र खुशाल गोठवा. पिशव्या आडव्या, पातळ थापून गोठवल्या की नंतर पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. प्रत्येकीवर नाव आणि तारीख लिहा. भाजलेलं वाटण आणि चिंच-गुळाची चटणी बर्फात सारखीच दिसतात.

काही पदार्थ तर आधी केले तरच चांगले लागतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तिथलं नाताळचं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, सणाच्या दोन-तीन दिवस आधीच शिजतं. व्हिनेगर मुरतं तसतशी चव चढत जाते आणि सणाच्या दिवशी ते फक्त गरम करायचं, सोबत सान्नां, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे गोळे. दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं, सगळं आधीच डब्यांत भरलेलं असतं. म्हणजे ऐन दिवशी मिस्साहून आलेली बाई पदर खोचून ओट्याशी उभी नसते. ज्यांच्याकडे पोर्क चालतं त्यांनी सोरपोतेल जरूर करावं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी निदान ही पद्धत उचलावी.

आता शाकाहाऱ्यांकडे येऊ. काही वर्षी मार्गशीर्षातला गुरुवार नेमका याच आठवड्यात येतो, तेव्हा त्यांची संख्या अचानक वाढते. इथली मंडळी शाकाहारी पाहुण्यापुढे नट रोस्ट, म्हणजे सुक्या मेव्याचा भाजलेला लोफ, ठेवतात. मला तो घशाखाली उतरत नाही, माफ करा. आपण भरली वांगी करू. दाणे, तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला, गूळ यांचं सारण चार दिवस आधी डब्यात तयार ठेवा. २४ च्या रात्री वांगी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती शेगडीवर होतात, ओव्हनला हातही लागत नाही. मोठ्या पसरट कढईत देठांसकट एकाला एक लावून तशीच टेबलावर न्या. लॅम्बच्या शेजारी ती जराही बिचारी दिसत नाहीत.

सुरुवातीला काहीतरी खमंग लागतंच. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून, गार करून गोठवा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, सकाळी कापा, पाहुणे कोट काढत असताना एअर फ्रायरमध्ये टाका. अळूवडीलाही हेच लागू. मटार करंज्या कच्च्याच गोठवायच्या आणि गोठलेल्याच मध्यम आचेवर तळायच्या.

ब्रसेल्स स्प्राउट्सबद्दल मुलांची तक्रार दरवर्षी असते, आणि ती रास्त आहे, कारण ते मऊ होईपर्यंत उकडले जातात. कोबीसारखे बारीक चिरा, मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी, वर ओलं खोबरं, पाच मिनिटं. चिरून आदल्या दिवशी ठेवता येतात.

गोडाला श्रीखंड. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगलं की चक्का तयार. दोन दिवस आधी घोटून छोट्या ग्लासांत भरा, वर क्लेमेंटाइनच्या फोडी आणि पिस्ते. इंग्रज शेजारी दुसऱ्यांदा मागतात.

थोडं उरलेल्या अन्नाबद्दल, कारण या आठवड्यात ते भरपूर असतं. शिजवलेलं काहीही तास-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये गेलं पाहिजे आणि दोन दिवसांत संपलं पाहिजे. भाताला आपण सगळ्यात जास्त गृहीत धरतो. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात ओट्यावर कोमट पडून राहिला की वाढीला लागतात. त्यांचं विष गरम केल्यानंही जात नाही. त्यामुळे भात तासाभरात पसरून गार करा, फ्रिजमध्ये चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि गरम करायचा तो एकदाच. मसालेभात आधी करून ठेवण्याच्या यादीत मी घातला नाही, तो यासाठी.

आणि टर्कीचा सांगाडा टाकून देऊ नका. बॉक्सिंग डेच्या, म्हणजे २६ तारखेच्या सकाळी कांदा, मिरी, दालचिनी घालून दोन-तीन तास मंद आचेवर उकळत ठेवा. हे झालं आपलं अळणी, म्हणजे रश्श्यासाठी उकळून काढलेलं मांसाचं पाणी. त्यात काजू, तीळ, खसखशीचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध घातलं, की कोल्हापूरकरांनी नाक मुरडलं तरी पांढरा रस्सा होतो. मीठ चाखून घाला, टर्की आधीच खारवलेली असते. सोबत ताजा भात.

ज्यांना वड्यांचे उंडे घाऊक वाफवायचे आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. मंडळाचं मोठं मोदकपात्र गणपतीपासून स्टोअररूममध्ये रिकामं पडलंय. आळीपाळीनं न्या, पण २३ च्या आत घासून परत करा.