कळसूबाईचे हरवलेले साठ मीटर

नमस्कार श्रोतेहो. पाऊस ओसरला, की शनिवारी रात्रीची कसारा लोकल सॅक घेतलेल्या पोरापोरींनी भरून जाते. हल्ली बहुतेकांच्या फोनमध्ये चाललेली वाट नोंदवणारं ॲप असतं. ती नोंद नीट कशी व्हावी, ते आज बघू.

दोन कामं घरूनच करून निघा. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, आणि सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका. हे राहिलं, तर स्क्रीन बंद होताच फोन ॲपला झोपवतो. मग घरी येऊन पाहावं तर दोन तासांच्या वळणावळणाच्या वाटेऐवजी दरीवरून गेलेली एक सरळ रेघ.

पायथ्याला पोचलात, की उघड्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका स्थिरावू द्या, अचूकता ५ मीटरच्या आसपास येऊ द्या, आणि मगच एअरप्लेन मोड लावा. जीपीएस नुसतं ऐकतं, काही पाठवत नाही, म्हणून त्या मोडमध्येही चालतं, आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. मात्र उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून चटकन मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहांकडूनच ऐकावी लागते, आणि त्याला प्रत्येकी अर्धा मिनिट तरी लागतो, तोही सिग्नल स्वच्छ असेल तर. म्हणून पुन्हा सांगते: आधी ठिपका, मग एअरप्लेन मोड.

फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, पँटच्या खिशात नको. जेवायला बसलात, की नोंद थांबवा. नाहीतर ठिपका जागच्या जागी भिरभिरत राहतो आणि न चाललेलं अंतर जमा होतं.

आता कळसूबाईची गोष्ट. बारी गावातून निघालेली मंडळी लोखंडी शिड्या चढून देवळापाशी येतात, दर्शन घेतात आणि फोन काढतात. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, हे शाळेपासून पाठ. आणि एकाचा फोन दाखवतो १५८५! शेजारच्याचा १६४०. मग वाद सुरू होतो: फोन स्वस्तातला आहे, ॲप बंडल आहे, नाहीतर पुस्तकातच चूक आहे. (जाता जाता एक. वाट सापडावी म्हणून कातळावर ऑइलपेंटचे बाण काढतात, ते आता थांबवायला हवं. नोंदलेली वाट फाइल करून पाठवता येते, दगड रंगवायची गरज नाही.)

तर ते साठ मीटर गेले कुठे? उपग्रहांचं गणित पृथ्वीला एक गुळगुळीत, जरासा दाबलेला चेंडू मानतं आणि उंची त्या चेंडूच्या पृष्ठापासून मोजतं. समुद्र मात्र गुरुत्वाकर्षण नेईल तसा बसतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हे आकर्षण इतकं कमी आहे, की तिथे समुद्राची पातळी त्या काल्पनिक चेंडूच्या १०० मीटरहूनही खाली आहे. जगातला हा सर्वांत मोठा खळगा १९४८ मध्ये लक्षात आला, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्येसुद्धा त्याचं कारण मांडलं. त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या चेंडूच्या साधारण साठ मीटर खाली आहे. म्हणूनच अलिबागच्या वाळूत उभं राहिलं, तरी कच्चा आकडा दाखवणारा फोन उणे साठच्या आसपास सांगतो. पाय कोरडे, आणि फोनच्या मते आपण पाण्याखाली!

म्हणजे फोन बिघडलेला नसतो. १६४० दाखवणाऱ्या ॲपने हा फरक मिळवलेला असतो, १५८५वाल्याने नसतो. उरलेले पाच-सहा मीटर ही जीपीएसची नेहमीची चूक. उंचीत ती आडव्या अंतरापेक्षा जास्तच येते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूला, पायाखाली एकही नाही. काही ॲपमध्ये उंचीच्या दुरुस्तीची छोटी फाइल वेगळी उतरवावी लागते. तीही नकाशाबरोबर घरीच घ्या.

परत आल्यावर नोंद जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या ॲपलाही उघडता येईल अशा रूपात, जतन करा. कुणाला पाठवण्याआधी सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापा, कारण बरेचजण दारातच बटण दाबतात आणि वाटेबरोबर घराचा पत्ताही जातो. नमस्कार.