सायकलमुळे ट्रॅफिक तुंबतं म्हणे!

नमस्कार मंडळी! आज सायकलवरून ऑफिसला जाण्याबद्दल बोलूया. वेगळ्या ट्रॅकवरून नाही हं, आपला नेहमीचा पुण्याचा रस्ता, जिथं पीएमपीची बस, रिक्षा, टेम्पो, स्कूटर सगळे एकत्र नांदतात, तिथं सायकल मारून हवेला काही फरक पडतो का?

पडतो. आकडा एकच सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. परत सांगतो, एक लिटर, २.३ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग एवढं येतं कुठून, तर जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. स्कूटर लिटरला ४५ देते धरा, तर किलोमीटरला ५० ग्रॅम झाले. ऑफिस ६ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६०० ग्रॅम, रोजचे, एकट्या माणसाचे.

आता गंमत ऐका. संध्याकाळी मी डेक्कनवरून कर्वे रोडनं कोथरूडला चाललेलो, अगदी डाव्या कडेनं, पण ड्रेनेजचं झाकण आलं की थोडं आत यावंच लागतं (रस्त्याच्या लेव्हलला बसवलेलं झाकण दाखवा, मिसळ माझ्याकडून). मागून एक पांढरी गाडी, हॉर्नवरचा हात काढायचं नाव नाही. शेजारी आली, काच खाली, "ओ काका, तुमच्यामुळे सेकंडवर चालवावी लागतीये, पेट्रोल जास्त जळतं, प्रदूषण तुम्हीच करताय!" आणि गेला सुसाट. रसशाळेच्या सिग्नलला मी हजर. म्हटलं, "हां बोला, कुठवर आलो होतो आपण?" तर म्हणे रस्ता गाड्यांसाठी असतो. सिग्नल सुटला, हा पुढं. नळ स्टॉपला मी परत शेजारी. आता मुद्दा बदललेला, तुम्ही टॅक्स भरत नाही. असं हप्त्याहप्त्यानं भांडण, बाजूच्या स्कूटरवरच्या काकू स्कार्फ सारून ऐकायला लागल्या. मी म्हटलं, "सिग्नल मोठा आहे, इंजिन तरी बंद करा." काय वाटलं कोण जाणे, केलंन बंद. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी चालूच होईना! बॅटरीनं मान टाकलेली, मागून अख्ख्या पुण्याचे हॉर्न. शेवटी सायकल फुटपाथला टेकवली, एक रिक्षावाले दादा उतरले, दोघांनी मिळून गाडी ढकलत कडेला नेली. हा आत बसून स्टिअरिंग धरून म्हणतो, "बघा, तुमचं ऐकलं की असं होतं!" मी म्हटलं, "साहेब, या क्षणी कर्वे रोडवर तुमच्याइतकी स्वच्छ गाडी दुसरी नाही."

तर मुद्दा काय, प्रत्येक सिग्नलला मी त्याला गाठत होतो, म्हणजे त्याला अडवणारा मी नव्हतोच, पुढच्या गाड्या होत्या. एका गाडीच्या जागेत चार सायकली आरामात मावतात. दुसरं, थंड इंजिन सुरुवातीला धूर जास्त सोडतं, सायलेन्सरकडची धूर साफ करणारी यंत्रणा तापल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांनाच सायकल काढण्यात जास्त फायदा. इलेक्ट्रिक स्कूटरला धूर नाही, मान्य, पण टायर आणि ब्रेकची धूळ आहेच.

आणि सायकलवाल्यांनी शक्यतो मुख्य रस्ता टाळा, धूर आपल्याच छातीत जातो. मी हल्ली प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून जातो, सावली असते, वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.